नववीतल्या मुलाशी अमली पदार्थांबद्दल काय आणि कसे बोलावे?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): माझा मुलगा नववीत आहे आणि मुलगी सहावीत. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतला अकरावीचा एक मुलगा गच्चीवर वेप (ई-सिगारेट) ओढताना सापडला. त्याच्या दप्तरात पांढऱ्या पावडरची पुडीही निघाली, असे लोक म्हणतात. माझा मुलगा त्याच्याबरोबर रोज संध्याकाळी फुटबॉल खेळत असे. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. मुलाशी बोलावे, तर नको ती माहिती देऊन आपणच त्याचे कुतूहल चाळवू, अशी भीती वाटते. त्याचे बाबा म्हणतात, दोन कानाखाली दिल्या की सगळे सरळ होते. ते स्वतः मात्र पंचवीस वर्षे तंबाखू खात आहेत. मी रोज मुलाच्या नकळत दप्तर तपासते. त्याला कळू न देता लघवीची चाचणी करून घ्यावी का? त्या मुलाशी संबंध तोडायला मी सांगितले आहे. ते बरोबर केले ना? — एक आई, नाशिक

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले, की तुमचा मुलगा या सगळ्याबद्दल काय म्हणाला, याविषयी पत्रात एकही वाक्य नाही. गच्चीवरच्या प्रकारानंतर त्याला काय वाटले, त्याला आधीपासून काही माहीत होते का, त्याला स्वतःला कधी कोणी काही देऊ केले होते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. बहुधा तुम्ही ते विचारलेच नसावे. हा दोष म्हणून सांगत नाही. पोटात भीतीचा गोळा आला की आईबापांचे हात आधी दप्तराकडे जातात आणि बोलणे मागे राहते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. पण काय सांगायचे याची तयारी करण्याआधी त्याला विचारा. आणि त्याने सांगायला सुरुवात केली, की मध्ये बोलू नका.

समोर बसवून, दार लावून, "मला तुझ्याशी महत्त्वाचे बोलायचे आहे" अशी सुरुवात मात्र करू नका. या वयातली मुले तेवढ्यानेच आतून कडी लावून घेतात. तुम्ही त्याला गाडीवरून क्लासला सोडत असाल, मटार सोलायला तो शेजारी बसत असेल, रात्री ओटा आवरताना तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात येत असेल, तर अशा वेळी दोघांच्याही नजरा दुसरीकडे असतात आणि अवघड गोष्ट बोलायला तेच सोपे जाते. "त्या दिवसापासून तूही गप्प आहेस. तुला काय वाटले रे?" एवढे पुरे. पहिल्या दिवशी तो "काही नाही" म्हणेल. चार दिवसांनी पुन्हा विचारा.

आता कुतूहलाबद्दल. तुमच्या मुलाने माल, स्टफ, जॉइंट, एमडी हे शब्द ऐकलेले आहेत, हे गृहीत धरा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी तुमच्याच शहराजवळ, नाशिक-पुणे रस्त्यावरच्या शिंदे गावातल्या एमडी या अमली पदार्थाच्या कारखान्यावर धाड घातली, तेव्हा ती बातमी अनेक दिवस घराघरांत चर्चेत होती. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत दौंड तालुक्यातल्या कुरकुंभचे, एमडीच्याच कारखान्याचे प्रकरण उघडकीला आले. मुले वर्तमानपत्र वाचत नसली तरी या गोष्टी त्यांच्यापर्यंत पोहोचतात. तेव्हा तुमच्या मुलाला माहिती द्यावी की नाही, हा प्रश्नच आता उरलेला नाही. ती त्याला गच्चीवरच्या मुलाकडून मिळावी, मोबाईलवरच्या एखाद्या फुशारकीच्या व्हिडिओतून मिळावी, की तुमच्याकडून मिळावी, एवढेच ठरायचे आहे. घरात मोकळेपणाने बोलल्याने मूल नशेकडे वळले, असे माझ्या पाहण्यात एकही उदाहरण नाही.

मात्र ही माहिती भीती घालून देऊ नका. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. शाळांमधून समुपदेशन सुरू केले तेव्हा २६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनानिमित्त एका शाळेच्या सभागृहात मी आठवी ते दहावीच्या मुलांना कुजलेल्या जबड्यांची, काळ्या पडलेल्या फुप्फुसांची आणि रस्त्याकडेला पडलेल्या माणसांची चित्रे दाखवली. "हा मार्ग थेट स्मशानात जातो," असे शेवटी ठणकावून सांगितले. टाळ्या पडल्या. मुले वर्गात गेली आणि आठवीतला एक मुलगा सभागृहाच्या दारातल्या चपलांच्या ढिगापाशी उभा राहिला. तो खाली बघत म्हणाला, "बाई, माझा दादा घेतो. तो मरणार का?" मी म्हटले, "घरच्यांना सांग." तो म्हणाला, "घरच्यांना माहीत आहे." त्याला द्यायला माझ्याजवळ काहीच नव्हते. तासभर मी केवळ दारे बंद करत गेले होते. मदत कुठे मिळते, बरे होता येते का, यावर एक अक्षरही बोलले नव्हते. त्या मुलाचा चेहरा आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे आणि तेव्हापासून मी ती चित्रे वापरलेली नाहीत.

दुसरे असे, की भीती टिकत नाही. अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिसहून सुरू झालेला 'डेअर' नावाचा कार्यक्रम, ज्यात गणवेशातले पोलीस वर्गावर जाऊन मुलांना नशेविरुद्ध धडे देत, देशभर पसरला. पण त्याच्या मूळ स्वरूपाची पुढे अनेकदा तपासणी झाली, तेव्हा मुलांच्या प्रत्यक्ष वागण्यावर त्याचा फारसा परिणाम झालेला आढळला नाही. कारण समजायला कठीण नाही. एकदा ओढले की माणूस संपतो, असे आपण सांगतो आणि मुलाला मात्र सहा महिने ओढूनही हसतखेळत फिरणारा मित्र समोर दिसतो. मग तो ठरवतो, की मोठी माणसे खोटे बोलतात, आणि पुढे आपण सांगितलेली खरी गोष्टही तो त्याच खात्यावर टाकतो.

म्हणून खरे आहे तेच सांगा, आणि ते सांगताना त्याची बुद्धी लहान समजू नका. नशा केल्यावर आधी बरे वाटते, हे कबूल करा. बरे वाटत नसते तर कोणी दुसऱ्यांदा त्या वाटेला गेलेच नसते. आनंदाची जाणीव करून देणारी जी यंत्रणा आपल्या मेंदूत आहे, जी आवडते जेवण, जिंकलेला सामना, कोणी पाठीवर मारलेली थाप यांनी हळूच चेतवली जाते, तिलाच हे पदार्थ एकदम आणि अवाजवी जोराने ढुशी देतात. मग मेंदू स्वतःचा प्रतिसाद कमी करत नेतो, रोजच्या साध्या आनंदाने त्याचे भागेनासे होते आणि पुढे तर केवळ बेचैनी टाळण्यासाठी माणसाला तो पदार्थ लागतो. चौदाव्या-पंधराव्या वर्षी हे अधिक लवकर घडते. इच्छा, ईर्ष्या, धाडस ही तरणी जनावरे जुंपून झालेली असतात, पण त्यांना आवरणारा कासरा अजून वळला जात असतो. कपाळामागचा, परिणामांचा विचार करणारा मेंदूचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत राहतो. "तू वाईट आहेस म्हणून सांगत नाही, तुझा मेंदू अजून घडतो आहे म्हणून सांगते," हे वाक्य मुले ऐकून घेतात. मी ते शेकडो मुलांना सांगितले आहे.

पदार्थांपैकी एमडीबद्दल नीट बोला, कारण ते तुमच्या परिसरातले वास्तव आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन. हे पूर्णपणे रसायनांपासून बनवलेले उत्तेजक आहे आणि आपल्या देशात २०१५ पासून ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येते. त्याचा अंमल थोडाच वेळ टिकतो, म्हणून पुन्हा पुन्हा घेण्याची ओढ लागते. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, झोप आणि भूक मरते, आणि अंमल उतरला की उदासी, चिडचिड, कधी संशय आणि भास. पुडीत नेमके काय मिसळले आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. "परीक्षेच्या वेळी जागता येते", "वजन कमी होते" अशा जाहिरातीने ते मुलामुलींपर्यंत येते. हे तुमच्या मुलीलाही एक-दोन वर्षांत सांगावे लागेल.

गांजाच्या बाबतीत तो तुमच्याशी वाद घालेल. "तो तर नैसर्गिक आहे", "साधू पितात", असे म्हणेल, आणि सिंहस्थाच्या नाशकात राहणाऱ्या मुलाने चिलीम ओढणारे साधू पाहिले नसतील तरच नवल. त्याला गप्प करू नका. शिवरात्रीची भांग आणि गांजा एकाच झाडाचे आहेत, हे खरे आहे. कायदा पानांपासून केलेली भांग वेगळी मानतो आणि गांजा-चरस यांना अमली पदार्थ मानतो, हेही खरे आहे. पण नैसर्गिक म्हणून निर्धोक, हे खरे नाही. धोत्राही नैसर्गिकच आहे. वाढत्या वयात नियमित गांजा ओढला, तर लक्ष आणि स्मरणशक्ती यांवर परिणाम होतो आणि काहींच्या बाबतीत, विशेषतः कुटुंबात कोणाला तीव्र मानसिक आजार असेल तर, भ्रम आणि भास यांचा गंभीर आजार सुरू होण्याचा धोका वाढतो. तुमच्या किंवा तुमच्या यजमानांच्या घराण्यात असा आजार कोणाला असेल, तर तो मुलापासून लपवू नका. रक्तदाब, मधुमेह घराण्यात आहे हे आपण सांगतोच ना?

वेपबद्दल थोडक्यात: २०१९ पासून आपल्या देशात त्याचे उत्पादन, आयात आणि विक्री यांवर बंदी आहे, त्याला फळांचा वास असला तरी आत बहुधा निकोटीन असते, आणि चोरून आलेल्या वस्तूत आणखी काय आहे याची कोणीही हमी देत नाही. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचे सोल्यूशन हुंगण्याबद्दल मात्र सुखवस्तू घरांतले आईबाप कधीच बोलत नाहीत, "ते रस्त्यावरची मुले करतात" असे समजून. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मोठ्या माणसांपेक्षा मुलांमध्ये जास्त प्रमाणात आढळलेला एकच प्रकार होता आणि तो म्हणजे हे हुंगण्याचे पदार्थ. त्यांनी हृदयाची लय बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू ओढवू शकतो. भीती घालू नका असे मी वर म्हटले. पण हे भीती घालणे नाही, वस्तुस्थिती आहे, आणि ती तशीच सांगितली पाहिजे.

एवढी माहिती दिली तरी काम अर्धेच झाले. कारण "अनोळखी माणसाकडून काही घेऊ नकोस" ही आपली शिकवण इथे उपयोगी पडत नाही. पहिली पुडी, पहिला झुरका अनोळखी माणूस देत नाही. तो देतो मित्र, मावसभाऊ, संघातला सीनियर. आणि पहिल्यांदा तो पैसेही घेत नाही. नववीतल्या मुलाला त्या क्षणी मेंदू आठवत नाही, कायदा आठवत नाही. चार जणांत आपण बावळट ठरू, एवढेच त्याला दिसते. म्हणून नकार देण्याची वाक्ये त्याच्या तोंडात आधी बसली पाहिजेत आणि त्यासाठी ती घरात मोठ्याने बोलून पाहिली पाहिजेत. तुम्ही मित्र व्हा, त्याला नाही म्हणू द्या, तुम्ही आग्रह वाढवत न्या. "नको, उद्या मॅच आहे." "नको, दम लागतो." "आमची आई वासावरून ओळखते, घरात तमाशा होईल." या शेवटच्या वाक्यात तुम्ही खलनायिका ठरलात तरी चालेल, तुमच्या नावावर सुटका करून घ्यायची त्याला खुशाल परवानगी द्या. लंबेचौडे स्पष्टीकरण देऊ नये, तेच वाक्य दोनदा म्हणून तिथून निघावे, हेही शिकवा.

आणि एक खूण ठरवा. मी एका घरात पाहिलेली सांगते. मुलाने "मामाचा फोन आला होता का?" असा मेसेज पाठवला, की वडील पाच मिनिटांत त्याला फोन करून रागावल्याच्या आवाजात "आत्ताच्या आत्ता घरी ये" म्हणत आणि स्वतः त्याला घ्यायला निघत. मित्रांसमोर मुलाची शोभा होत नसे. त्या रात्री त्याला एकही प्रश्न विचारायचा नाही, जे बोलायचे ते दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर, असा त्यांचा करार होता आणि वडिलांनी तो पाळला. तो मेसेज तीन वर्षांत दोनदा आला.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना हल्ली ने-आण करायलाही वापरतात, हे त्याला सांगा. "एवढी पुडी जरा त्या दादाला दे" म्हणून कोणी काही हातात ठेवले, तर ते घ्यायचे नाही. मुलांना अमली पदार्थ देणे, किंवा त्यांच्याकरवी ते विकणे वा पोहोचवणे, हा बालन्याय कायदा, २०१५ नुसार सात वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचा गुन्हा आहे. ज्याच्या हाती पुडी दिली जाते ते मूल त्या गुन्ह्यात वापरले गेलेले असते, हे त्याला ठाऊक असले, की घाबरून गप्प बसण्याऐवजी ते तुम्हाला येऊन सांगण्याची शक्यता वाढते.

आता मुलाच्या बाबांविषयी. हा भाग त्यांनाही वाचायला द्या. एकदा समुपदेशनासाठी एका घरी गेले असताना पाच वर्षांचा मुलगा तळहातावर ओवा घेऊन तो अंगठ्याने मळत होता. मग त्याने दोन टाळ्या मारल्या, भुसा झटकला आणि चिमूट नेमकी खालच्या ओठामागे ठेवली. चुन्याच्या डबीचे झाकण वाजते तेव्हापासून मुलांचे शिक्षण सुरू झालेले असते. म्हणून तुमच्या यजमानांनी आता तोंड दाबून बसावे असे मी म्हणत नाही. उलट या घरात मुलाला सर्वांत खरी गोष्ट तेच सांगू शकतात. पहिली चिमूट कोणी दिली, तेव्हा वय काय होते, सोडायचा प्रयत्न किती वेळा केला, तिसऱ्या दिवशी डोके कसे चढते आणि हात आपोआप खिशाकडे कसा जातो, हे बापाने लाज बाजूला ठेवून सांगितले, तर माझ्या दहा व्याख्यानांपेक्षा ते खोल जाईल. त्यांनी सोडायची तारीख ठरवली आणि मुलाला त्यावर लक्ष ठेवायला सांगितले, तर फारच चांगले. कानाखाली मारल्याने मात्र मुलगा एकच गोष्ट शिकेल: पुढच्या वेळी सापडायचे नाही.

दप्तराची चोरून झडती बंद करा. चोरून लघवीची चाचणीही नको. ती नकारात्मक आली तरी तुमची शंका जाणार नाही, आणि त्याला कळले, जे एक ना एक दिवस कळतेच, तर विश्वासाचा धागा तुटेल. ठोस कारण दिसले तर त्याला सांगून, त्याच्या समोर दप्तर उघडा. कारणे कोणती? एखाद्या दिवसाची चिडचिड नव्हे. ते वयच तसे आहे. पण झोपेची वेळ पार उलटी होणे, वजन झपाट्याने उतरणे, सतत लाल डोळे आणि खिशात डोळ्यांचे थेंब, रुमालाला थिनरचा वास, सिगारेट वळायचे पातळ कागद, घरातून पैसे नाहीसे होणे किंवा मोबाईलवरून अनोळखी नावांना छोट्या छोट्या रकमा जाणे, जुने मित्र आणि आवडता खेळ एकदम सुटणे, यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र आणि काही आठवडे दिसल्या, तर थांबू नका. त्या वेळी मुलगा अंमलाखाली असेल तर वाद घालू नका. तो शुद्धीवर नसेल, श्वास मंद असेल किंवा झटके येत असतील, तर त्याला कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना सगळे खरे सांगा. एरवी मनोविकारतज्ज्ञाकडे जा. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस १४४१६. पोलीस केस होईल या भीतीने अनेक घरे उपचार टाळतात. पण व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत तिला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४ अ मध्ये आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेव्हापासून गर्दच्या (ब्राऊन शुगरच्या) विळख्यातली कित्येक माणसे तिथून बरी होऊन घरी गेली आहेत. चपलांच्या ढिगापाशी उभ्या असलेल्या त्या मुलाला मी हे सांगायला हवे होते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. त्या अकरावीच्या मुलाबरोबर तुमच्या मुलाने सध्या एकटे फिरू नये, गच्चीवर जाऊ नये, हे योग्यच आहे. पण संबंध तोड, असे सांगितल्याने तुमच्या मुलाला असे शिकायला मिळाले, की या घरात चूक करणाऱ्याशी बोलणे बंद होते. उद्या त्याच्या हातून काही घडले, तर तो हेच आठवून तुमच्यापासून लपवील. शिवाय पुडीची गोष्ट खरी की ऐकीव, हेही अजून कोणाला माहीत नाही. महिनाभर सोसायटीत त्या घराकडे लोक कसे बघत असतील, याची मला कल्पना आहे. लिफ्टमध्ये बोलणे थांबत असेल, हळदीकुंकवाचे बोलावणे चुकत असेल. तुमच्याइतकीच घाबरलेली एक आई त्या दारामागे आहे आणि तिला हेल्पलाइनचा क्रमांक कोणी दिलेला नसावा. एखाद्या संध्याकाळी तिच्याकडे जा. हे पत्र बरोबर न्या. तुम्ही कुठे निघालात असे मुलाने विचारले, तर त्याला खरे काय ते सांगा.